घरच्या घरी पीसीबी: एचिंगच्या आधी ड्रिलचा विचार करा

घरी पीसीबी, म्हणजे सर्किटचे भाग बसवायचा तांब्याचा थर असलेला बोर्ड, बनवायची म्हटलं की जो तो आधी नको असलेलं तांबं खाणारं केमिकल, फेरिक क्लोराइड, कुठे मिळतं ते विचारतो. माझं म्हणणं आहे की आधी तुमच्या हातात ड्रिल कुठलं आहे ते बघा आणि तिथून उलटं मागे या. कारण एचिंग, म्हणजे त्या केमिकलला नको असलेलं तांबं खाऊ देणं, जमतंच, दोनदा केलं की कुणालाही जमतं, पण तासभर खपून तांब्याच्या रेघा, म्हणजे ट्रॅक, सुंदर काढलेत आणि शेवटी ०.८ मिमीचा बिट घसरून पॅडच, म्हणजे भागाचा पाय सोल्डर करायचा तांब्याचा गोलच, उचकटला तर तो बोर्ड परत पहिल्यापासून करावा लागतो. माझे सुरुवातीचे बरेच बोर्ड असेच ड्रिलिंगला वाया गेले, आणि दर वेळी चूक हाताची नव्हती, डिझाइनची होती, पॅडच एवढे बारीक ठेवले होते की हाताने धरलेल्या ड्रिलला तिथे जागाच नव्हती.

उदाहरण म्हणून आपण ५ व्होल्टचा साधा पॉवर सप्लाय घेऊ. चार १एन४००७ डायोड, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक कपॅसिटर, ७८०५ ही स्थिर ५ व्होल्ट देणारी आयसी, तिच्या इनपुट आणि आउटपुटला एकेक छोटा कपॅसिटर, एक एलईडी, तिच्यासाठी १ के रेझिस्टर, आणि आत-बाहेर दोन स्क्रू टर्मिनल. बोर्डवर फक्त ट्रान्सफॉर्मरचे ९ व्होल्ट एसी येणार. २३० व्होल्टची लाइन घरी बनवलेल्या बोर्डवर आणायचीच नाही, पहिल्या बोर्डवर तर अजिबात नाही, ट्रान्सफॉर्मर बाहेर वेगळा बॉक्समध्ये नीट झाकून ठेवा.

हा बोर्ड शिकायला चांगला कारण यात सगळ्या मापाची भोकं येतात. पाव वॉटच्या रेझिस्टरला, छोट्या कपॅसिटरला, एलईडीला ०.८ मिमी पुरतं. १एन४००७ चा पाय जाड असतो, त्याला १ मिमी. ७८०५ चे पाय चपटे असतात, त्यांनाही १ किंवा १.१. स्क्रू टर्मिनलला १.३, आणि कोपऱ्यात बोर्ड कसायला ३ मिमीचा स्क्रू असेल तर ३.२. म्हणजे ०.८, १ आणि १.३ असे तीन बिट असले तरी काम भागतं. बिट घेताना ०.८ चे निदान तीन-चार घ्या, तोच सगळ्यात जास्त तुटतो.

आता पॅड. कंपनीत बनणाऱ्या बोर्डावर ०.८ च्या भोकाला १.५ मिमीचा पॅड चालतो कारण तिथे मशीन भोक पाडतं. आपल्या हाताचा बिट पाव मिमी इकडेतिकडे जाणारच हे धरून चाला आणि पॅड २ मिमीच्या खाली आणू नका, टर्मिनलला तर ३ ठेवा. आयसीचे पाय २.५४ मिमीवर असतात, तिथे गोल पॅड १.८ ठेवलात तरी दोन पॅडमध्ये पाऊण मिमी जागा उरते, किंवा पॅड लांबट करायचा, मला लांबटच आवडतो कारण सोल्डर धरायला तांबं जास्त मिळतं. ट्रॅक या बोर्डला दीड-दोन मिमीचे काढा, जागा भरपूर आहे. लेझर प्रिंटचा टोनर इस्त्रीने तांब्यावर उतरवायचा, टोनरखालचं तांबं एचिंगमध्ये वाचतं, या इस्त्रीच्या पद्धतीने ०.५ मिमीचा ट्रॅक आरामात येतो, ०.३ पण येतो पण त्यासाठी हात बसावा लागतो. आणि मोकळी जागा ग्राउंडच्या तांब्याने भरून टाका, म्हणजे कमी तांबं खायला लागतं, वेळ वाचतो आणि केमिकलही.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. प्रिंट काढताना प्रत्येक पॅडच्या मधोमध खऱ्या मापाचं भोक न दाखवता अगदी छोटा, ०.३ ते ०.४ मिमीचा ठिपका रिकामा ठेवायचा. कायकॅड या पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंट करताना ड्रिल मार्कला स्मॉल असा पर्याय असतो, तो निवडायचा. त्या ठिपक्यावर टोनर नसतो म्हणून एचिंगमध्ये तिथलं तांबं जातं आणि पॅडच्या बरोबर मध्यभागी एक खळगा तयार होतो. बिटचं टोक त्या खळग्यात आपोआप बसतं. हे केलं की पंच मारायची गरज नाही, बिट घसरत नाही, आणि एका ओळीतले आयसीचे सगळे पाय सरळ रेषेत येतात. एवढ्या एका गोष्टीने माझं ड्रिलिंग सुधारलं.

प्रिंट लेझर प्रिंटरचीच पाहिजे, इंकजेटची शाई तांब्यावर जात नाही. घरी लेझर नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ घेऊन जा, १३० जीएसएमच्या आसपासचा ग्लॉसी आर्ट पेपर त्यांच्याकडे असतो, आणि दोन गोष्टी दुकानदाराला आवर्जून सांगा. एक, प्रिंट शंभर टक्के साइजलाच काढायची, फिट टू पेज ठेवलं की सगळं तीन-चार टक्के लहान होतं आणि सोळा पायांची आयसी शेवटच्या पायाला येऊन बसत नाही. दोन, टोनर सेव्हर बंद आणि प्रिंट सगळ्यात गडद. घरी आल्यावर कागदावरच आयसी किंवा टर्मिनल ठेवून पाय ठिपक्यांवर येतात का बघा, मगच पुढे जा.

मिररचा, म्हणजे प्रिंट आरशातल्यासारखी उलटवून काढायची की नाही याचा, गोंधळ प्रत्येकाचा होतो. खालच्या बाजूचा, म्हणजे बॉटम कॉपरचा लेआउट सॉफ्टवेअरमध्ये वरून आरपार बघितल्यासारखा दिसतो, इस्त्रीने उलटा छापला की तो आपोआप बरोबर होतो, म्हणून मिरर करायचं नाही. टॉप कॉपर असेल तरच मिरर. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे कॉपर लेयरवर कुठेतरी दोन-चार अक्षरं टाका, कागदावर ती उलटी दिसली पाहिजेत. सुलटी दिसली तर थांबा. मी एकदा न बघता पुढे गेलो आणि ७८०५ चे इनपुट आउटपुट उलटे झाले, ती शेवटी ट्रॅकच्या बाजूने लावावी लागली.

बोर्ड कुठला घ्यायचा? दुकानात दोन प्रकार मिळतात, तपकिरी रंगाचा पेपर फिनॉलिक, आणि हिरवट-पिवळसर ग्लास इपॉक्सी ज्याला एफआर ४ म्हणतात. फिनॉलिक स्वस्त, कापायला सोपा, बिट झिजवत नाही, पण इस्त्री जास्त झाली की फुगतो आणि पॅड लवकर सुटतात. ग्लास इपॉक्सी मजबूत, उष्णता सहन करतो, उजेडात धरला की आरपार दिसतो, पण त्यातली काच साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटची धार पटकन खाते. पहिले दोन बोर्ड फिनॉलिकवर करा आणि मग ग्लासवर या असं मी सांगेन. दोन्हीची जाडी साधारण १.६ मिमी आणि तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली, पासोड्या विठोबाच्या आसपास, बोर्ड, बिट, फेरिक सगळं एका फेरीत मिळून जातं.

बोर्ड हॅक्सॉ ब्लेडने कापा आणि कडा कानशीने घासा, कड उंच राहिली की इस्त्री तिच्यावरच टेकते आणि मध्ये टोनर चिकटत नाही. मग सफाई. तांब्याचं भांडं चिंचेने किंवा पितांबरीने घासल्यावर जसं गुलाबी लखलखीत होतं तसं तांबं दिसलं पाहिजे. भांडी घासायच्या हिरव्या घासणीने किंवा बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासा, खूप गुळगुळीत नको, हलके ओरखडे असले की टोनर पकडतो. पावडर वापरली तर भरपूर पाण्याने धुवा, वर पाणी सगळीकडे सारखं पसरायला हवं, कुठे थेंब थेंब जमत असेल तर तिथे अजून तेलकटपणा आहे. शेवटी कापसावर थिनर किंवा अ‍ॅसिटोन घेऊन पुसा आणि मग बोट लावू नका, बोटाचा ठसा पुढे एचिंगमध्ये जसाच्या तसा दिसतो.

इस्त्री कॉटनवर, वाफ बंद. लाकडी पाटावर जुनं कापड, त्यावर बोर्ड तांबं वर करून, आधी नुसता बोर्ड अर्धा मिनिट तापवा, मग कागद छापील बाजू खाली करून ठेवा आणि पहिले २०-३० सेकंद इस्त्री न हलवता दाबून धरा, म्हणजे कागद चिकटतो आणि सरकत नाही. मग तीन-चार मिनिटं हळूहळू फिरवा, कडांवरून इस्त्रीचं टोक फिरवा. काही टोनरला जास्त उष्णता लागते, नाही उठलं तर वेळ वाढवा, जोर वाढवू नका, जोराने ट्रॅक पसरतात. बोर्ड थोडा निवला की कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजत टाका आणि कागद अंगठ्याने चोळून काढा, ओढून काढायचा नाही. पॅडच्या मधल्या ठिपक्यात कागदाचा लगदा अडकतो, तो जुन्या टूथब्रशने आणि टूथपिकने काढा, नाहीतर तिथे खळगाच होणार नाही आणि आपला सगळा बेत तिथेच फसेल. जिथे टोनर तुटला आहे तिथे परमनंट मार्करने दोन-तीन वेळा गिरवा, प्रत्येक वेळी आधीचा थर वाळू द्या.

आता फेरिक क्लोराइड. पावडर किंवा खडे मिळतात, तयार द्रावणही मिळतं. पाणी आधी आणि पावडर नंतर, थोडी थोडी, कारण विरघळताना ते चांगलंच तापतं, काळपट कोरडी पावडर असेल तर फारच, आणि वर येणारी वाफ आम्लाची असते, ती नाकात जाऊ द्यायची नाही. १०० ग्रॅमला साधारण २५० मिली पाणी. रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, जुने कपडे, आणि काम गॅलरीत. डबा प्लॅस्टिकचाच. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात तर चुकूनही ओतू नका, ते जोरात तापतं आणि भांडं खाऊन टाकतं, स्टीललाही ते खातं, म्हणून किचनच्या सिंकजवळ हे काम नको. कपड्यावरचा आणि फरशीवरचा पिवळा डाग जवळजवळ कायमचा असतो.

४ बाय ३ इंची बोर्डावर ३५ मायक्रॉनने सगळं मिळून अडीच ग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं, आणि एक ग्रॅम तांबं खायला हिशोबाने पाच ग्रॅमच्या आसपास कोरडं फेरिक क्लोराइड लागतं. म्हणजे १०० ग्रॅममध्ये कागदावर तरी असे आठ बोर्ड होतात, प्रत्यक्षात द्रावण जुनं झालं की वेग फार कमी होतो म्हणून चार-पाच धरा. तात्पर्य, एका बोर्डनंतर ते फेकायचं नाही.

द्रावण कोमट असलं तर काम पटकन होतं, ४० अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं, थंडीत गार द्रावणात तेच अर्धा-पाऊण तास लागू शकतं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, मोठ्या टबात गरम पाणी घ्या आणि त्यात डबा ठेवा. बोर्ड टाकल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात बाहेर काढून बघा, सगळं उघडं तांबं सारखं फिकट, निस्तेज गुलाबी झालेलं दिसलं पाहिजे. कुठे चमकदार ठिपका राहिला असेल तर तिथे टोनरचा पातळ थर किंवा तेल आहे, आत्ताच धुऊन तो भाग साफ करा आणि परत टाका. नंतर हे कळून उपयोग नसतो, कारण तो ठिपका जाईपर्यंत बाकीचे ट्रॅक बाजूने खाल्ले जातात. केमिकल फक्त खाली नाही, आडवंही खातं, म्हणूनच जास्त वेळ ठेवलेल्या बोर्डाचे ट्रॅक बारीक आणि कडेला दातेरी होतात.

डबा सतत हलकासा हलवत रहा, किंवा बोर्डाला मागून डबल टेप लावून तांबं खाली करून तरंगत ठेवा, म्हणजे तयार होणारा गाळ वर न बसता खाली पडतो, फक्त खाली हवेचे बुडबुडे अडकले नाहीत ना ते बघा. तांब्याच्या पत्र्यावर एचिंग करणारे चित्रकारही फेरिक वापरतात आणि तेही पत्रा बरेचदा असाच पालथा ठेवतात. तांबं कडेपासून जायला लागतं आणि मध्ये शेवटी जातं. शेवटचा तुकडा गेला की लगेच बाहेर, आणि बादलीतल्या पाण्यात धुवा, वाहत्या नळाखाली नाही. ते पाणी पण बाजूला ठेवा.

टोनर अजून काढायचा नाही. ड्रिलिंग टोनर असतानाच करा, काळ्या पॅडवर मधला खळगा स्पष्ट दिसतो आणि तांबंही ओरखड्यांपासून वाचतं.

भिंतीला भोक पाडायचं मोठं ड्रिल इथे चालत नाही. त्याचा चक ०.८ चा बिट पकडतच नाही, पकडलाच तर तो थरथरतो. १२ व्होल्टवर चालणारं छोटं पीसीबी ड्रिल कोलेटसह (बिट धरणारी छोटी पकड) स्वस्तात मिळतं, सुरुवातीला तेच घ्या, त्याला अ‍ॅडॉप्टर मात्र चांगल्या करंटचा लावा, कमी करंटवर वेग पडतो आणि बारीक बिटला वेगच लागतो. बिट कोलेटमध्ये जितका आत जाईल तितका घाला, तीन-चतुर्थांश इंच बाहेर काढून ठेवलात तर टोक फिरताना गोल काढत बसतं. चालू करून टोकाकडे बघा, टोक एका जागी स्थिर दिसलं पाहिजे, धूसर दिसत असेल तर काढून परत बसवा.

हाताने ड्रिल करणार असाल तर एचएसएस बिट घ्या. कार्बाइडचा बिट ग्लास इपॉक्सीवर खूप जास्त टिकतो, भोक पण स्वच्छ येतं, पण तो जराही वाकत नाही, हात किंचित तिरका झाला की टक्कन तुटतो, त्यामुळे कार्बाइड फक्त ड्रिल स्टँडवर. दहा-बारा बोर्ड करणार असाल तर स्टँड आणि कार्बाइड या दोन गोष्टींवर पैसे घाला, माझ्या मते एचिंग मशीन वगैरेपेक्षा याचा फायदा जास्त.

बोर्डखाली प्लायवूडचा टाकाऊ तुकडा ठेवा आणि बोर्ड टेपने त्यावर चिकटवा. तुकडा नसला की बिट पलीकडे निघताना मागचा भाग फुटतो. तांब्याच्या बाजूनेच भोक पाडा. मनगट टेबलावर टेकलेलं, ड्रिल उभं, समोरून आणि बाजूने दोन्हीकडून सरळ आहे का एकदा बघा, टोक खळग्यात ठेवा, मग चालू करा आणि जवळजवळ ड्रिलच्या वजनानेच खाली जाऊ द्या. दाबायची गरज पडायला लागली याचा अर्थ धार गेली, आणि बोथट बिट दाबला की पॅड तापतो, सुटतो, भोकाभोवती तांब्याची कड वर येते. काच असलेल्या बोर्डावर एचएसएसची धार काही डझन भोकांतच कमी झालेली जाणवते, तेव्हा बिट बदला, उगीच पुरवून वापरू नका. बाहेर येतानाही सरळ, आणि ड्रिल फिरत असतानाच बाहेर काढा, अडकलेला बिट बंद करून ओढला की तुटतो.

आधी सगळी भोकं ०.८ नेच पाडा, अगदी टर्मिनलची सुद्धा, मग मोठी करायची असतील ती १ ने आणि १.३ ने. मोठा बिट सरळ खळग्यात बसत नाही, ०.८ च्या भोकात मात्र नीट बसतो. ३.२ चं भोक शेवटी, हळू. भोकाच्या कडेची बारीक खरखर ४-५ मिमीचा बिट नुसता बोटांत धरून एकदा फिरवला की जाते.

धुळीकडे दुर्लक्ष करू नका. ग्लास इपॉक्सीची धूळ म्हणजे काचेचे बारीक तंतू, फुंकर मारून उडवायची नाही, पंखा बंद, एन ९५ मास्क आणि गॉगल लावा, आणि झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्या. हाताला खाज येत असेल तर चोळू नका, गार पाण्याखाली धरा.

मग थिनर किंवा अ‍ॅसिटोनने टोनर काढा, परत एकदा घासणी, आणि बोर्ड उजेडासमोर धरा. ग्लासचा असेल तर केसाएवढी चीर किंवा दोन पॅडमध्ये राहिलेला तांब्याचा धागा लगेच दिसतो. फिनॉलिकचा असेल तर मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक ट्रॅक तपासा, शेजारच्या ट्रॅकशी शॉर्ट नाही ना तेही. धागा असेल तर कटरने खरवडा, चीर असेल तर वरून तारेचा तुकडा सोल्डर करा. उघडं तांबं आपल्याकडच्या पावसाळी हवेत आठवड्यात काळं पडतं, म्हणून त्याच दिवशी राळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून ब्रशने पातळ हात मारा, ती फ्लक्सचंही काम करते, सोल्डर छान पसरतं. सोल्डरिंग झाल्यावर ७८०५ न लावलेल्या बोर्डला आधी ९ व्होल्ट एसी द्या आणि मोठ्या कपॅसिटरवर ११-१२ व्होल्ट डीसी येतात का बघा, लोड नसताना थोडे जास्तही दिसतील. मग सप्लाय काढून कपॅसिटर १ के रेझिस्टरने रिकामा करा, ७८०५ हीटसिंकसह लावा, आउटपुटला ४.८ ते ५.२ च्या मधे काहीतरी यायला हवं. दोन-तीनशे मिलिअँपपर्यंत हा सप्लाय निवांत चालतो.

उरलेलं फेरिक प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण पण प्लॅस्टिकचं, वर मोठ्या अक्षरात नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली मात्र वापरायची नाही, कितीही चिठ्ठी लावली तरी नाही. आणि ते काळपट हिरवं होऊन पुरतं दमलं की संडासात, मोरीत, गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, त्यात विरघळलेलं तांबं असतं आणि ते मासे, शेवाळं सगळ्यांना मारतं, गावाकडे मोरीचं पाणी झिरपून विहिरीला लागतं तिथे तर हा विचारच नको. त्याऐवजी मोठ्या प्लॅस्टिकच्या बादलीत, उघड्यावर, त्यात तारेची लोखंडी घासणी एक-दोन दिवस टाकून ठेवा, विरघळलेलं तांबं लालसर गाळ होऊन खाली बसतं. मग बोर्ड धुतलेलं पाणीही त्यातच ओता आणि धुण्याचा सोडा चमचा चमचा टाका, जोरात फेस येतो म्हणून बादली अर्धीच भरलेली असू द्या. फेस यायचा थांबला, पीएचची पट्टी ७-८ दाखवायला लागली की एक-दोन दिवस हलवू नका. वरचं नितळ पाणी मग भरपूर पाण्याबरोबर सोडता येतं, खालचा चिखल पसरट प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये उन्हात वाळवा, जाड पिशवीत घट्ट बांधा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या, आत काय आहे ते पिशवीवर लिहून.